चाखणारा माणूस

उष्माबंदीची आता चंद्रपूरला सवय झाली होती. मे महिन्यात ऊन आणि हवेतली वाफ यांचा मेळ एका मर्यादेपलीकडे गेला की सायरन वाजायचा आणि सगळं शहर घरात शिरायचं. घरात म्हणजे गारखोलीत. दुहेरी भिंतीची, त्या भिंतींतून पाणी खेळवलेली ती एकच खोली माणसाला जगवायची आणि वीजही तेवढ्या खोलीपुरतीच मिळायची. चूल, गॅस, शेगडी असलं काही पेटवायला सक्त मनाई होती. म्हणून पाऊस लागेपर्यंत टिनातलं अन्न खायचं, तेही थंड.

टिन कसा निवडावा हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. झाकण फुगलेलं नको, शिवणीवर पोचा नको, कडेला गंज नको. टिन लहान घ्यावा, कारण उघडून उरलेलं अन्न त्या उन्हाळ्यात बघता बघता आंबतं. मीठ बेताचं असावं, नाहीतर अन्नाच्या आधी पाणी संपतं. रस्सा फेकू नये, तेवढंच पाणी पोटात जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जे एरवी आवडीनं खाता तेच साठवा.

या शेवटच्या नियमाची प्रणिता येरगुडेला मुळीच धास्ती नव्हती. तुकूममधलं येरगुडे भोजनालय ती आणि तिचा नवरा हेमराज चालवत. तिथला भरड डाळीच्या वड्यांचा वडाभात खायला लोक मूलहून, बल्लारपूरहून येत. स्वयंपाक प्रणिताचा, आणि चाखायचं काम हेमराजचं. ही पद्धत तिच्या सासूनं घालून दिली होती. रांधणाऱ्या बाईनं रांधताना जिभेला काही लावायचं नाही. आधी देवाला नैवेद्य, मग घरधन्याला पहिला घास, आणि त्यानं मान डोलावली की पंगत. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, पण प्रणितानं ही शिस्त सोडली नव्हती. हेमराज डोळे मिटून, मान तिरकी करून घास घोळवायचा. त्याचा निकाल लागला की तिचा जीव भांड्यात पडायचा. ती स्वतः जेवायची सगळ्यात शेवटी, तोवर अन्न चांगलं झाल्याचं गावभर ठरलेलं असायचं.

तेव्हा टिन निवडायचे म्हटल्यावर तिनं दुकानातून नमुने आणले, ओट्यावर मांडले आणि हाक मारली.

“अजी, या ना चाखाले. साठा भरायचा आहे.”

हेमराज गल्ला सोडून आत आला. भरघोस मिशांचा, बोलायला गोड माणूस. त्यानं लाखोरीच्या डाळीचा टिन चाखला, प्रणिताकडे पाहिलं आणि म्हणाला, “मीठ बरोबर आहे. घेऊन टाक.” बटाट्याला तो म्हणाला, “थोडं खारट वाटते, नाही?” प्रणितालाही रंगावरून तो खारट असावा असंच वाटत होतं. तिनं तो बाजूला ठेवला.

पाटोडीच्या रश्श्याचा टिन उघडून तिनं त्याच्या हातात दिला आणि चमचे विसळायला ती नळाकडे वळली. पाठीमागून त्याचा आवाज आला, “हे झकास आहे! मीठ अगदी बेतशीर. हेच जास्त घे.”

चमचे पुसत ती परत आली तेव्हा तिच्या नाकात वास शिरला, गंजक्या बादलीतल्या शिळ्या पाण्यासारखा. तिनं टिन उचलून हुंगला. वास त्याचाच होता.

“काही वास येऊन राहिला का जी याले?”

हेमराजनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “हो... म्हणजे, येते तसा थोडासा. टिनाचा असन.”

“मंग झकास कसं म्हणता?”

“चव झकास आहे म्हटलं मी.”

तिनं बोटानं रस्सा चाटून पाहिला. तिला तर तोंडात खिळा धरल्यासारखं वाटलं. पण हेमराज झकास म्हणाला होता, आणि अख्ख्या तुकूमला त्याच्या जिभेचा भरवसा होता. आपलंच नाक बिघडलं, सर्दी होणार बहुतेक, असं म्हणून तिनं पाटोडीचे टिन भरपूर मागवले.

आता साठा भरण्याआधी माणसाला जे यंत्र लावायचे, ते काय होतं ते सांगायला हवं. पहिल्या उष्माबंदीनंतर पथकांनी घराघरांची दारं उघडली, तेव्हा काही घरांत भरलेल्या फळ्यांखाली माणसं उपाशी पडलेली सापडली. टिन होते, पाणी होतं, पण घास गिळवत नव्हता. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं, लोक त्याला नुसतं ‘वीट’ म्हणू लागले. कारण शोधलं तेव्हा ते नाकात सापडलं. जिभेला स्वतःला फार थोडं कळतं. खारट, गोड, आंबट, कडू आणि डाळीच्या कटात असते तशी एक भरीव चव, संपलं. वांगं कोणतं आणि दोडका कोणता, हे सांगतो तो वास. घास चावताना हा वास घशामागून नाकात चढतो, तिथून निरोप मेंदूकडे जातो आणि मेंदू एका लांब मज्जातंतूवरून पोटाला कळवतो की अन्न येतंय, तयार राहा. ही तयारी म्हणजेच भूक. जीवघेण्या उष्म्यात शरीर हा निरोप दाबून टाकतं, कारण पचवायचं म्हणजे आत आणखी ऊब तयार करायची. त्यात अन्न रोज तेच आणि थंडगार, मग निरोप पार बंद पडतो.

त्या मज्जातंतूची एक बारीक फांदी कानापाशी त्वचेच्या अगदी जवळून जाते. तिथं एक चकती चिकटवायची आणि माणसाला घास द्यायचा. निरोप निघाला की पडद्यावर रेघ वर चढते. यंत्राचं सरकारी नाव रुचिलेखक होतं, शहरात त्याला जिभेचा ईसीजी म्हणत. ज्या टिनांना रेघ चांगली चढेल तेच टिन घरात साठवायचे. आणि ज्याची रेघ कशालाच चढत नाही त्यानं घरी राहायचं नाही. त्यानं शीतकेंद्रात जायचं, तिथं नर्सा घड्याळ लावून पेज पाजत. पाऊस लागेपर्यंत तिथून बाहेर पडता येत नसे, आणि कोणाला भेटताही येत नसे. गेल्या उन्हाळ्यात केंद्रात गेलेली काही म्हातारी माणसं परत आली ती ओळख विसरूनच. लोकांनी केंद्राला कोल्ड स्टोरेज नाव ठेवलं होतं ते काही उगीच नाही.

तपासणी सगळ्यांना सक्तीची झाली तेव्हा हेमराज टाळाटाळ करू लागला. आज गल्ल्यावर कोणी नाही, उद्या गुरुवार आहे, परवा गुडघा दुखतो.

“मले कायले पाहिजे तपासणी?” तो म्हणायचा. “बारा गावचं पाणी पिलेली जीभ आहे माही.”

“म्हणूनच तं चला. तुमची रेघ छताले टेकन,” प्रणिता म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. ती जवळजवळ मिरवणूक काढल्यासारखीच त्याला घेऊन गेली.

तपासणी केंद्रावर डॉक्टर मेश्राम होती. कॉलेजात असताना ती येरगुड्यांकडेच जेवायची. हेमराजला पाहून ती हसली. “काका, आज मशीनची परीक्षा आहे, तुमची नाही.” तिनं त्याच्या कानामागे चकती लावली आणि डाळीचा घास दिला.

रेघ सरळच राहिली.

तिनं चकती बदलली, मशीन बंद करून चालू केलं. बटाटा दिला, छोले दिले, आमरस दिला. मीठ लागलं तिथं रेघ किंचित थरथरल्यासारखी वाटली, बाकी सपाट. मग तिनं एक बाटली उघडून त्याच्या नाकाशी धरली. हिंगाचा असा भपकारा सुटला की दारात उभ्या असलेल्या प्रणितानं पदर नाकाला लावला. हेमराज समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता.

डॉक्टर मेश्रामनं बाटली बंद केली आणि हळूच विचारलं, “काका, वास कधीपासून येत नाही?”

प्रणिताला वाटलं, आता तो डोळे मिटून, मान तिरकी करून हसेल आणि म्हणेल, कशी गंमत केली. हेमराजनं कानामागची चकती स्वतःच काढून टेबलावर ठेवली.

“मशीन बिघडलं असन तुमचं,” प्रणिता म्हणाली. “माहं करून पाहा बरं.”

तिचं केलं. तिचीही रेघ काही धड वागली नाही. घास तोंडात गेला की ती अर्धवट उठायची आणि मध्येच अडून राहायची. बराच वेळ लोंबकळायची आणि मग पडायची. डॉक्टर पडद्याकडे पाहत राहिली. तिनं मुद्दाम म्हटलं, “काकू, हा टिन फार छान आहे, सगळ्यांना आवडतो,” आणि त्याबरोबर रेघ सरसर वर चढली.

“हे मी पहिल्यांदाच पाहते,” डॉक्टर म्हणाली. “तुमचं नाक ठणठणीत आहे काकू. पण तुम्ही कोणाची तरी वाट पाहता.”

दोघं घरी आले. भोजनालयाची पाटी उलटी करून प्रणितानं दार लावून घेतलं आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला राग आला होता हे खरं, पण कशाचा, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

“कधीपासून?”

“तो ताप आला होता ना मले, दवाखान्यात ठेवलं होतं ते... तेव्हापासून.”

प्रणितानं मनात हिशेब केला. तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. आता ती हैदराबादला नोकरी करत होती.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही...”

“मीठ कळते मले,” हेमराज घाईघाईनं म्हणाला. “आंबट बी कळते थोडं. तिखट झोंबते.”

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस कित्येक वर्षांत मिठाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोललाच नव्हता. मीठ बरोबर आहे, मीठ थोडं वाढव, मीठ अगदी बेतशीर. आणि तिला वाटायचं, केवढा जाणकार, अवांतर काही बोलत नाही.

“पण कधी म्हणायचे ना, आज फोडणी करपली, आज आलं जास्त झालं. ते कसं सांगायचे?”

हेमराजनं मान खाली घातली. “तुह्या तोंडाकडे पाहून. तुले आधीच ठाऊक राहायचं. घास माह्या तोंडात असायचा, पण तू कपाळाले आठी घालून उभी राहायची. तं मी म्हणायचो, काहीतरी झालं आज. तू म्हणायची, करपलं का? मी म्हणायचो, हो, थोडं.”

“आणि चांगलं झालं असलं तं?”

“तं तू पदराले हात पुसत राहायची.”

प्रणितानं चटकन हात पदरापासून दूर केले.

“सांगितलं काहून नाही?”

“दवाखान्यातून आलो त्या दिवशी तू वडाभात केला होता. माह्यासाठी. मी घास घेतला आणि काहीच नाही. माती खाल्ल्यासारखं. तू समोर उभी. तू म्हणाली, कसा झाला?” तो थांबला. “मी काय म्हणणार होतो? छान म्हटलं. मंग दुसऱ्या दिवशी कसं सांगू, की काल खोटं बोललो? असंच एकेक दिवस गेला.”

हे ऐकून तिचा राग उतरायला हवा होता, पण तो आणखीनच चढला. म्हणजे भोजनालयाची सगळी चव कोणाच्या भरवशावर चालली होती? त्यानं चाखलं नाही. तिनं चाखलं नाही, कारण चाखायचं नसतं. तो तिच्याकडे बघून सांगत होता, ती त्याच्याकडे बघून मानत होती, आणि लोक बोटं चाटत होते. दोन आरसे समोरासमोर ठेवावेत तसा प्रकार.

“मी जातो केंद्रात,” हेमराज म्हणाला. “नियमच आहे तो.”

“जा!” ती म्हणाली. ते तोंडातून निघून गेलं, आणि मग परत घेता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळे नमुने पुन्हा ओट्यावर मांडले. त्याला लागो न लागो, तिला तर साठा भरायचाच होता. एक चमचा तोंडात घातला. छोले. बरे आहेत? की पाणचट आहेत? शिजलेत जास्त, पण टिनातले तसेच असतात का? दुसरा चमचा घेतला तर पहिल्याची चव आठवेना. वडाभाताला डाळ किती भरड दळायची हे झोपेत सांगणारी बाई, आणि आपल्याला छोले आवडतात की नाही हे तिला ठरवता येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्ल्यावर बसलेला हेमराज पडेल चेहऱ्यानं पिशवीत दोन सदरे भरत होता. एकदा वाटलं, जाऊ दे त्याला, फसवलं आपल्याला. एकदा वाटलं, फसवलं म्हणजे नेमकं काय केलं? आणि हा गेला तर घास आपल्याच्यानं तरी उतरेल का?

ती तशीच उठून डॉक्टर मेश्रामकडे गेली.

“घरी ठेवता येते का त्यांले?”

“एक वाट आहे,” डॉक्टर म्हणाली. “अन्नसाक्षी. घरातल्या कोणीतरी जबाबदारी घ्यायची की हा माणूस रोज स्वतःच्या हातानं जेवेल. आम्ही रोज फोन करतो. पण काकू, स्पष्ट सांगते. सपाट रेघेची माणसं सुरुवातीला जेवतात. हट्टानं, नाहीतर लाजेनं. मग उष्मा चढतो आणि एक दिवस घास आतच जात नाही. सायरननंतर गाडी तुमच्या दारापर्यंत पोचेलच असं नाही. केंद्रात ते नक्की जगतील. घरी ठेवलं तर मी सांगू शकत नाही.”

“केंद्रात जगतीन, पण कसे?”

डॉक्टरनं जबाबदारीचा कागद तिच्यापुढं सरकवला.

प्रणितानं जबाबदारी घेतली. ती घेतली म्हणजे शहाणपणा केला की वेडेपणा, हे तिला परतीच्या वाटेवर एकदाही ठरवता आलं नाही. घरी येऊन तिनं हेमराजची पिशवी उलटी केली आणि त्याला देवाच्या फळीसमोर उभं केलं.

“शपथ घ्या. आता खोटं बोलायचं नाही. लागत नाही तं लागत नाही म्हणायचं. मी बी खरं तेच सांगीन. आता चाखीन मी, आणि कसं आहे ते तुम्हाले सांगीन.”

“नैवेद्य?”

“देवाले टिनातलं चालते. त्यालाही उन्हाळा आहे.”

हेमराजनं शपथ घेतली. इतका सुटका झाल्यासारखा चेहरा तिनं त्याचा बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

सायरन वाजला आणि दोघं गारखोलीत शिरले. बाहेर पाखरूदेखील हललं नसेल असं ऊन. आत भिंतींतून पाण्याची बारीक खळखळ, एक दिवा, एक पंखा आणि छतापर्यंत टिन. साठा निवडताना प्रणितानं शेवटी पाटोडीचे टिन परत करून सगळं थोडं थोडं घेतलं होतं, म्हणजे काहीच निवडलं नव्हतं.

सुरुवात झकास झाली. प्रणिता टिन उघडायची, आधी स्वतः चाखायची आणि शपथेप्रमाणे खरं सांगायची. “छोले आहेत. जास्त शिजले. गरम मसाला आहे, पण जुना.” हेमराज ऐकायचा आणि जेवायचा. कधी हसायचे दोघं. जन्मभर बोलले नव्हते इतकं ते त्या खोलीत अन्नाबद्दल बोलले.

मग उष्मा चढला. भिंतीतलं पाणीदेखील कोमट लागू लागलं. हेमराजचा घास लहान झाला, मग आणखी लहान. “भेंडी आहे. गिळगिळीत झाली. मीठ आहे फक्त,” ती सांगायची, आणि तो ताट हळूच सरकवायचा.

“खा ना जी.”

“खाल्लं असतं. पण तू शपथ घातली ना. नाही जात, प्रणिता. खरंच नाही जात.”

इतकी वर्षं हा माणूस माती खाल्ल्यासारखं खात होता, दोन-दोन वेळा वाढून घेत होता, आणि खरं बोलायला लागला तसा उपाशी पडला. त्याचे डोळे खोल गेले. फोनवर डॉक्टर मेश्राम दुसऱ्या बाजूनं सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “गाडी मिळते का बघते काकू.” गाडी मिळत नव्हती. आपण याला मारायला घरी ठेवलं, असं प्रणिताच्या मनात येऊ लागलं, आणि ते आलं की तिला त्याच्याकडे बघवत नसे.

एका दुपारी तिनं फणसाच्या भाजीचा टिन उघडला. हेमराज भिंतीला टेकून बसला होता. ताट पुढं आलं तरी तो हलला नाही, फक्त तिच्याकडे बघत राहिला. तिनं घास घेतला. लगदा झाला होता फणसाचा, ना तिखट ना आंबट, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

“कसं आहे?” त्यानं विचारलं. आवाजात जोर नव्हता. पण डोळ्यांत काहीतरी होतं. शाळेच्या दारात निकाल ऐकायला उभं राहिलेल्या मुलाच्या डोळ्यांत असतं तसं. प्रणितानं ते पाहिलं आणि क्षणभर तिला कळेना की आपण कोणाच्या जागी उभ्या आहोत.

“छान आहे,” ती म्हणाली.

त्यानं भुवया उंचावल्या.

“खरंच छान आहे जी. लसूण आहे ना, आख्खा टाकला आहे, पण करपू नाही दिला. वरून खोबरं भाजून वाटून लावलं. फणस कवळा असतानाच कापला असन, रेषा लागतात दाताले. आणि मागून धने येतात. एखाद्या बाईनं टिनासाठी नाही, घरच्यासाठी केली असन ही भाजी.” ती बोलत गेली. लसूण, खोबरं, धने, आपण जसा फणस करतो तसा सगळा तिनं त्या पुठ्ठ्यात घातला. शपथ मोडत होती हे तिला कळत होतं, आणि जीभ थांबत नव्हती.

हेमराजनं चमचा उचलला. एक घास घेतला. डोळे मिटले, मान तिरकी केली. बराच वेळ चावत राहिला. मग दुसरा घास घेतला, आणि तिसरा.

“खरंच छान आहे,” तो म्हणाला. “वाढ अजून.”

त्याला काही लागत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ती खोटं बोलली, हे त्याला ठाऊक होतं की नाही, ते त्याच्या मिशांआड कळेना. तिनं वाढलं आणि स्वतःचं ताट जवळ ओढलं. एक घास तोंडात घातला. आणि फणस चांगला लागला. लसूण लागला. धनेदेखील लागले. तिनं चावायचं थांबवलं, टिन उचलून त्यावरचं नाव पुन्हा वाचलं. तोच टिन होता. मघाशी पुठ्ठा होता तो खरा, की आता लागते ती भाजी खरी? हेमराज छान म्हणाला तिच्या सांगण्यावरून, आणि तिला छान लागलं त्याच्या म्हणण्यावरून, मग मुळात छान होतं ते कोणाला? तिनं आणखी एक घास घेतला. भूक लागली होती तिला. कित्येक दिवसांनी.

फोन वाजला. डॉक्टर मेश्राम होती. आवाजात धाकधूक.

“काकू, काका जेवले का?”

“जेवले. वाढून घेतलं दोनदा.”

“खरंच? स्वतःच्या हातानं?” पलीकडे तिनं सोडलेला श्वास इकडे ऐकू आला. “कोणता टिन? मला नोंदवून ठेवायचंय.”

“फणसाचा.”

“काकांना आवडला म्हणजे. आणि तुम्हाला, काकू? तुम्हाला आवडला का?”

प्रणितानं तोंड उघडलं. हो म्हणावं की नाही म्हणावं, दोन्ही तिच्या जिभेवर आलं आणि दोन्ही तिथंच अडून राहिलं. समोर हेमराज ताट पुसून खात होता.

“थांब हं जरा,” ती फोनमध्ये म्हणाली, “ह्यांले विचारून सांगते.”